होडीवालीची जिवणी

मुद्रणालयाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, उत्तरेकडच्या लांबट खोलीत बसणाऱ्या त्या बाईला सगळे खिडकीताई म्हणत. ती खिडकीशी बसायची म्हणून नव्हे. कोरणाऱ्यांना उत्तरेचाच उजेड लागतो, तिथे सगळ्यांचीच टेबलं खिडकीला लागून होती. तिला हे नाव पडलं ते तिने उभं आयुष्य खिडक्या कोरण्यात घालवलं म्हणून. देशाच्या नोटांवर पोस्टाची इमारत होती, रेल्वे स्टेशन होतं, बंदरावरचं दीपगृह होतं, पाण्याची टाकी होती. आणि या सगळ्यांची दारं, कमानी, कौलं आणि खिडक्या तिच्या हातच्या होत्या. पाण्याच्या टाकीला कसल्या आल्यात खिडक्या, असं कोणी हटकलं तर ती म्हणायची, "आहेत. वर, झाकणाखाली. भिंग लावून बघा. तरी नाही दिसल्या तर चष्मा बदला."

पण ती शिकली होती चेहरे कोरायला. आणि चेहरा तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता.

त्याला कारण होता सेनापती. त्याच्याही आधी, परक्यांचं राज्य होतं तेव्हा, नोटा बोटीने यायच्या आणि त्यांच्यावर परक्या राजाचं मिशाळ डोकं असायचं. लोक नोटेला मिशीच म्हणत. बाजारात 'पाच मिश्यांना दिलं, घेऊन जा' असं सर्रास ऐकू यायचं. परके गेले तेव्हा शिल्लक नोटांवरच्या राजाच्या तोंडावर घाईघाईने एक शिक्का मारला आणि त्याच चालवल्या; राज्य एका सकाळी बदलतं, पण पोलादावर नोट कोरायला वर्ष जातं. मग आपला सेनापती नोटेवर चढला. आधी घोड्यासकट. पुढे घोडा गेला, नुसतं डोकं उरलं, आणि दर नव्या नोटेत ते आणखी थोडं मोठं होऊन येऊ लागलं. लोक नोटेला अशा घड्या घालत की वरून बघितलं तर सेनापती हसायचा आणि खालून बघितलं तर रडायचा. तो सत्तेवरून पडला त्या आठवड्यात लोकांनी टाचण्या घेऊन नोटांवरचे त्याचे डोळे फोडले. आंधळ्या सेनापतींची पोती बँकेच्या दारात येऊन पडली. तेव्हा वरच्यांनी कानाला खडा लावला: यापुढे नोटेवर माणूस नको. इमारतीवर कोणी चिडत नाही. स्टेशनाचे डोळे कोणी फोडत नाही.

खिडकीताई नेमकी त्याच सुमारास शिकून तयार झाली. तिच्या गुरूंनी सेनापतीचं डोकं कोरलं होतं. त्यांनी तिला गालाची गोलाई कशी फुगत जाणाऱ्या रेघांनी आणायची, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांच्या चौकटीत ठिपका टाकला की कातडी कशी जिवंत होते, बुबुळात उजेडासाठी किती पोलाद कोरं सोडायचं, ते सगळं शिकवलं आणि शेवटी म्हणाले, "आता जा, खिडक्या कोर." ती गेली. तिने कुरकुर केली नाही. खिडकीच्या काळोखातही तिने तीच फुगणारी रेघ घातली. त्यामुळे नोट नीट बघणाऱ्याला त्या खिडक्यांमागे कोणीतरी उभं आहे असं वाटायचं.

मग खोट्या नोटा वाढल्या. इमारतीची एखादी रेघ इकडची तिकडे झाली तर कोणाच्या लक्षात येत नाही. चेहऱ्यावरची पापणी केसभर हलली तरी रस्त्यावरचा माणूस थबकतो आणि म्हणतो, हा तो नव्हे. म्हणून बँकेला पुन्हा चेहरा हवासा झाला. कोणाचा, यावर भांडणं झाली, राजीनामे झाले, आणि शेवटी सगळे एका होडीवालीवर येऊन थांबले. कारण तिचा पक्ष नव्हता, पुतळा नव्हता आणि हक्क सांगायला नातेवाईकही नव्हते.

परक्यांच्या काळात ही बाई नदीच्या मुखाशी होडी चालवायची. ज्यांच्या मागावर शिपाई असत त्यांना ती पलीकडे सोडायची. पकडली गेली. कोर्टात तिला नावं विचारली, पुन्हा विचारली, दुसऱ्या माणसाकडून विचारली. कारकुनाने शेवटी लिहून ठेवलं: बाई बोलत नाही. तुरुंगातून सुटल्यावर ती पुन्हा होडीवर गेली आणि म्हातारी होईपर्यंत लोकांना पलीकडे सोडण्याचे पैसे घेत राहिली. तिचा फोटो नाही, चित्र नाही. ठेंगणी होती, रुंद कपाळाची होती आणि बोलली नाही, एवढंच तिच्याबद्दल ठाऊक होतं.

साहेबांनी, म्हणजे मुद्रणालयाच्या प्रमुखांनी, पोलादाची कोरी पाटी खिडकीताईच्या टेबलावर ठेवली तेव्हा शेजारच्या दालनातून अक्षरकाका ओरडले, "झालं! आता खिडकीतून बाई बाहेर आली!"

अक्षरकाका नोटेवरची अक्षरं कोरायचे. या मुद्रणालयाचा एक जुना नेम होता: चेहरा एकाने कोरायचा, अक्षरं दुसऱ्याने, पाठीमागची वेलबुट्टीची जाळी यंत्राने. आणि पाटी उघडी असताना दोन कोरणाऱ्यांनी एका टेबलाशी बसायचं नाही. एकाचा हात दुसऱ्याने शिकू नये आणि अख्खी नोट कोणा एकाला यावी अशी वेळच येऊ नये, म्हणून. काका आणि खिडकीताई त्यामुळे इतकी वर्षं भिंतीआडून गप्पा मारत आले होते. काकांच्या तोंडाला खीळ नव्हती.

होडीवाली पोलादावर उतरायला वर्षाच्या वर काळ लागला. कपाळ लवकर झालं. डोळ्यांनी महिने खाल्ले. जिवणी तिने शेवटाला ठेवली होती, कारण सगळी बाई त्या मिटलेल्या ओठांत होती.

पाटीवर सगळं उलटं कोरायचं असतं. छापलं की ते सुलटं होतं. म्हणून प्रत्येक टेबलावर एक छोटा आरसा उभा केलेला असतो. त्यात पाटी बघितली की छाप कशी येईल ते कळतं. चेहरेवाले त्या आरशाचा आणखी एक उपयोग करतात. जो भाव हवा तो स्वतःच्या तोंडावर आणायचा, आरशात बघायचा आणि कोरायचा. गुरू सेनापती कोरत होते तेव्हा महिनोन्महिने आठ्या घालून हिंडायचे. त्यांची बायको म्हणायची, "त्या आठ्या तिकडेच टेबलावर काढून ठेवत जा हो, घरात लहान मुलं आहेत." खिडकीताईनेही तेच केलं. ओठ मिटले, आरशात बघितलं, कोरणी चालवली. पहिली छाप काढली तेव्हा तिने ती उजेडात धरून खूप वेळ बघितली. समोर एक अनोळखी बाई होती. न बोलणारी. खिडकीताईला वाटलं, जमलं.

सेनापतीच्या वेळची अद्दल लक्षात ठेवून बँकेने एक पद्धत घालून दिली होती. नोटेवरचं चित्र पक्कं होण्याआधी ते मोठं करून बँकेच्या दालनात आठवडाभर लावायचं. कोणीही यावं, बघावं, हरकत असेल तर सांगावी. आठवडा संपला की पाटीला पाणी द्यायचं, म्हणजे भट्टीत लाल करून तेलात बुडवून पोलाद कडक करायचं. त्यानंतर त्यावर कोरणी चालत नाही, चालवणारा कोणीही असो.

पहिल्याच दिवशी खिडकीताई घरच्यांना घेऊन गेली. नवरा होता आणि सासूबाई होत्या. नवरा कवळ्या बनवायचा. त्याच्या कोटाच्या खिशात नेहमी दोनचार सुटे दात खुळखुळत असत. सासूबाईंचं वय झालं होतं, पण नजर शाबूत होती आणि चौकशी करण्याची हौस तर दिवसेंदिवस वाढत होती. वाटेत त्यांनी बँकेच्या पहारेकऱ्याला तो कुठला, पगार किती आणि लग्न का केलं नाही, हे विचारून झालं होतं.

दालनात गर्दी होती. भिंतीवर होडीवाली माणसाहून मोठी झाली होती.

"दमलेली वाटते," एक माणूस म्हणाला.

"होडी काय तुझा काका वल्हवत होता?" त्याची बायको म्हणाली.

सासूबाई काठी टेकत पुढे गेल्या, मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अगं बाई! ही तर आपली सून!"

"आई, हळू," नवरा म्हणाला.

"हळू कशाला? मी काय कोणाचं चोरलंय? बघ ना तू. सुईत दोरा ओवताना अशीच करते ही. खालचा ओठ आत घ्यायचा आणि एका बाजूला ओढायचा. वीस वेळा सांगितलं असेल, अगं ओठाला वळ पडेल."

लोकांनी वळून खिडकीताईकडे बघितलं. ती ओशाळून हसली, आणि हसणाऱ्या बाईच्या ओठांत कोणाला काही सापडलं नाही. माणसं पुढे सरकली. म्हाताऱ्या बाईला काय, सगळीकडे सूनच दिसते, असं कोणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसले.

घरी पोचल्यावर चपला काढता काढता खिडकीताई म्हणाली, "आईंचं काहीतरीच. मी नाहीये ती. मला माझं तोंड माहीत नाही होय?"

नवरा त्याच्या कामाच्या खोलीत गेला आणि दोन आरसे घेऊन आला. टेबलावर ते एकमेकांना काटकोनात, कडेला कड भिडवून उभे केले.

"बस इथे. दोघांच्या मधल्या फटीत बघ."

तिने बघितलं. आत एक बाई होती. तिने उजवा हात उचलला तर त्या बाईने नेहमीसारखा समोरचा हात उचलला नाही, पलीकडचा उचलला.

"आरशात माणूस स्वतःला उलटा बघतो," नवरा म्हणाला. "या दोन आरशांत सुलटा दिसतो. आम्हाला जशी दिसतेस तशी. कवळी बसवली की मी गिऱ्हाइकाला असंच दाखवतो, नाहीतर म्हणतात दात वाकडे बसवलेस. आता हे घे." त्याने तिच्या हातात सुई आणि दोरा दिला. "ओव."

तिने दोरा ओवायला घेतला. खालचा ओठ आत गेला, एका बाजूला ओढला गेला. फटीतून होडीवालीने तिच्याकडे बघितलं.

सुई तिच्या हातातून मांडीवर पडली.

सगळं सरळ होतं. आरशात दिसलेला उलटा ओठ तिने जसाच्या तसा पाटीवर उतरवला होता आणि छापताना तो पुन्हा उलटून सुलटा झाला होता. जगाला ती जशी दिसायची तशी ती कागदावर आली होती. जगात एकटी तीच अशी होती की जिने स्वतःला तसं कधी बघितलं नव्हतं. जगातली तिला सर्वांत अनोळखी वाटणारी बाई तिने वर्षभर खपून कोरली आणि ती बाई तीच निघाली.

"नियम आहे," ती म्हणाली. "जिवंत माणूस नोटेवर घ्यायचा नाही."

"कोणाच्या बापाला कळतंय?" नवरा म्हणाला. "आईच्या बोलण्यावर कोण जातंय? आणि खरं सांगू, मला आवडलं. देशभर माझी बायको. भाजीवाल्याला देताना मी म्हणेन, जपून घे रे बाबा."

"आणि घडी घालून तुमच्या खिशात, त्या दातांच्या शेजारी. नको बाई."

तो हसला. ती हसली नाही. तिने पुन्हा फटीत बघितलं.

"नियमाचं सोडा," ती म्हणाली. "पण हे तोंड चुकलंय. ही गप्प राहिलेली बाई नाही. हिने श्वास धरलाय, रेघ हलू नये म्हणून. कोर्टात उभी असलेली बाई कशाला श्वास धरेल? तिला काही ओवायचं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढे उभी राहिली. साहेब सावकाश ऐकणारे होते. त्यांनी छाप बघितली, तिच्याकडे बघितलं, पुन्हा छाप बघितली.

"तुमच्या सासूबाई सोडून कोणी हरकत घेतलीय?"

"मी घेतेय."

"बाई, तुम्हाला माहीत आहे मी काय म्हणणार ते. जिवणी खरवडायची म्हणजे तेवढ्या जागी खड्डा. मग पाटी मागून ठोकून तो वर उचलायचा, घोटायचा आणि पुन्हा कोरायचं. ठोका जरा चुकला तर गाल गेला. गाल गेला तर चेहरा गेला. आणि मला तारीख पुढे ढकलता येणार नाही. पाणी द्यायच्या दिवशी चेहरा नसेल तर दीपगृहाची पाटी तयार आहे. रंग बदलून तीच जाईल." त्यांनी छाप तिच्याकडे सरकवली. "मग तुमच्या होडीवालीला पुन्हा कोणी विचारणार नाही. माणूस नकोच म्हणणारे टपून बसलेत."

"बिघडणार नाही."

"एवढी खात्री?"

"हाताची आहे. ओठांची नाही, म्हणून तर आले."

साहेबांनी परवानगी दिली. देताना त्यांनी दीपगृहाची पाटी कपाटातून काढून टेबलावर ठेवली. धमकी म्हणून नव्हे. कदाचित तीच लागणार होती म्हणून.

खरवडण्यात आणि ठोकण्यात तिचा हात जराही अडला नाही. मागून एकेक हलका ठोका घालत तिने खड्डा उचलला, घोटणीने घोटला, बोटाचं टोक फिरवून बघितलं. नाक आणि हनुवटी यांच्या मध्ये आता एक गुळगुळीत, कोरी जागा होती. तोंडाच्या जागी काहीच नसलेल्या त्या बाईकडे तिला फार वेळ बघवेना. जणू कोर्टाने शेवटी तिची जीभच नव्हे, ओठही काढून घेतले होते.

आधी तिने रद्दीतल्या पोलादाच्या तुकड्यांवर हात बसवायला घेतला. आरसा पालथा घातला होता. तरी छाप काढली की तोच ओठ, आत घेतलेला, एका बाजूला ओढलेला. दुसरा तुकडा, तेच. तिने मग लक्ष ठेवलं तेव्हा कळलं: कोरणी पोलादात शिरली की तिचे ओठ आपोआप मिटायचे, आणि ओठ आवळले की मनगट आवळायचं, मनगट आवळलं की रेघ आवळायची. आरशाचा दोष नव्हताच. पंचवीस वर्षं ती अशीच कोरत आली होती. खिडक्यांना ओठ नसतात म्हणून चालून गेलं होतं.

त्या दिवशी जेवताना तिने घास तसाच ठेवला.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं. "मी बोलले त्याचा राग आला?"

"नाही हो आई. तुम्ही बोललात ते बरं झालं."

"मग जेव. उपाशी माणसाला काय सुचणार?"

नवरा म्हणाला, "माझ्याकडे माप द्यायला येतात ना, त्यांना मी गप्प बसा असं कधीच सांगत नाही. सांगितलं की जबडा आवळून बसतात, मग माप चुकतं. मी त्यांना बोलायला लावतो. सून कशी आहे, शेजारी कसा आहे. बोलून थांबले की तोंड आपल्या जागी येतं. तेव्हा घ्यायचं."

खिडकीताईने घास उचलला आणि चावता चावता त्याच्याकडे बघत राहिली.

सकाळी ती पुन्हा साहेबांकडे गेली. "काकांना माझ्या टेबलाशी बसू द्या."

"पाटी उघडी असताना? बाई, हे मुद्रणालय सुरू झाल्यापासून—"

"माहीत आहे. म्हणून तर विचारायला आले. नाहीतर त्यांना बोलवायला परवानगी लागत नाही, शिंकलं तरी येतात. पण मला बोलत बोलत कोरायचंय, साहेब. समोरासमोर. भिंतीआडून बोलताना मी फक्त हुंकार देते."

साहेबांनी खूप वेळ पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. "पहारेकरी दारात राहील. काका पाटीकडे पाठ करून बसतील."

"पाठ करून बोलतील ते. त्यांना काही फरक पडत नाही."

अशा रीतीने त्या मुद्रणालयात प्रथमच दोन कोरणारे एका टेबलाशी बसले, एक पाटीवर वाकलेली आणि दुसरा खिडकीबाहेर बघत. उजेड चांगला होता.

"काय बोलू?" काका म्हणाले.

"हे तुम्ही विचारताय?"

"नाही म्हणजे, सरकारी परवानगीने बोलायची सवय नाही ना. जरा बिचकायला होतं." पण ते बिचकणं फार टिकलं नाही. त्यांनी गुडघ्यापासून सुरुवात केली. गुडघ्यावरून डॉक्टरवर आले, डॉक्टरवरून धाकट्या भावावर, आणि तिथून सेनापतीवर. "माझं पहिलं काम त्याचं नाव कोरायचं. नमुना पाठवला, परत आला. म्हणे अक्षर मोठं करा. मोठं केलं. परत. आणखी मोठं करा. मी म्हटलं, आता नाव मोठं केलं तर रकमेला जागा नाही. तर वरून निरोप, रक्कम लहान करा!"

खिडकीताई हसली. हसता हसता तिने वरच्या ओठाची कड ओढली. रेघ सैल आली, पाण्यावरून गेल्यासारखी.

"आणि केलीत?"

"केली की. नोकरी होती. त्या नोटेवर शंभर आहे की दहा, ते म्हातारी माणसं अजून विचारतात. तू काय केलं असतंस?"

"मी खिडकी काढली असती त्याच्या डोक्याला."

दारातला पहारेकरी फिस्सकन हसला आणि पुन्हा ताठ झाला.

असं ते चाललं. ती विचारायची, ते सांगायचे. ते टोमणा मारायचे, ती परतवायची. तिचे ओठ सारखे हलत होते आणि त्यामुळे कुठेच रुतत नव्हते. पोलादावर दुसरेच ओठ उमटत होते. वरचा झाला. कोपरे झाले. जिथे ओठ संपून गाल सुरू होतो तिथली सावली तिने ठिपक्यांनी घातली. राहिली ती मधली रेघ. दोन ओठ जिथे भेटतात ती. तिच्यावाचून तोंड उघडं राहतं, आणि ती घातली की कायमचं मिटतं.

तिने कोरणीला धार लावली. काका मध्येच थांबले. भिंतीआड इतकी वर्षं काढलेल्या माणसाला न बघताही काही गोष्टी कळतात.

"एक विचारू?" ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "तुझ्या सासूबाई त्या दिवशी बोलल्या नसत्या, आणि ते तोंड तुझं आहे हे तुझं तुलाच कळलं असतं, एकटीला. तर ठेवलं असतंस ना?"

खिडकीताईने कोरणी टेकवली होती. उत्तर तिच्याकडे होतं. पुढे आलं होतं, दातांपर्यंत. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या खिडक्या, आणि एकदाच एक चेहरा. ते उत्तर तिने परत पाठवलं नाही, गिळलंही नाही. तिथेच राहू दिलं. आणि तिला नवल वाटलं, की त्यासाठी ओठ आवळावे लागत नाहीत. दाबायचं असतं ते घाबरलेल्याने. ज्याला सांगायचंच नाही त्याचे ओठ नुसते एकमेकांवर टेकलेले असतात, दार लोटून घेतल्यासारखे. कडी लावायचीही गरज नसते.

हात निघाला होता. रेघ एका कोपऱ्यातून निघाली, मध्ये जरा जाड झाली, बारीक होत दुसऱ्या कोपऱ्यात विरली. पोलादाची केसासारखी सळी कोरणीपुढे वळत गेली आणि गळून पडली.

काकांनी वाट बघितली. मग म्हणाले, "बरं. गुडघ्याचं कुठवर आलो होतो?"

छाप काढली तेव्हा साहेब स्वतः वर आले. गाल शाबूत होता. ते भिंग लावून जिवणीवर बराच वेळ वाकले. "ही आधीसारखी दमलेली नाही," एवढंच म्हणाले. मग आपल्या खोलीत परतून त्यांनी दीपगृहाची पाटी टेबलावरून उचलली आणि स्वतःच कपाटात ठेवली.

हरकतीच्या आठवड्याचा शेवटचा दिवस उरला होता. दालनातलं चित्र बदललं. खिडकीताईने सासूबाईंना पुन्हा नेलं. त्या यायला तयार नव्हत्या. "मी आता काही बोलणार नाही हं. मागच्या वेळी बोलले तर तुझं एवढं काम वाढलं."

"बोला तुम्ही. म्हणून तर आणलंय."

सासूबाई चित्रासमोर उभ्या राहिल्या. काठीवर दोन्ही हात ठेवले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. खिडकीताई त्यांच्या मागे उभी होती. भट्टी पेटवून झाली होती. सासूबाईंनी आता परत 'सून' म्हटलं असतं तर पुन्हा खरवडायला वेळ नव्हता.

"कोण गं ही?" सासूबाई म्हणाल्या.

"होडीवाली."

"ते झालं. पण कुठली, कोणाची, मुलंबाळं किती?"

"ते कोणालाच माहीत नाही, आई."

"असं कसं? कोणीतरी विचारलं असेल की." त्या आणखी जवळ गेल्या. त्यांनी तोंड उघडलं. भिंतीवरच्या बाईलाच काहीतरी विचारणार होत्या. पहारेकऱ्याला सोडलं नव्हतं, हिला कशाला सोडतील. पण उघडलेलं तोंड त्यांनी तसंच मिटलं. मागे सरकल्या, सुनेचा दंड धरला.

"चल," त्या म्हणाल्या. "ही काही सांगणार नाही."

दुपारी पाटी भट्टीत गेली. खिडकीताई जाळीपलीकडे उभी राहून बघत होती. पोलाद आधी काळं, मग गर्द लाल, मग नारिंगी झालं. चेहरा त्या उजेडात दिसेनासा झाला. चिमट्याने पाटी उचलून तेलात बुडवली तेव्हा मोठा धूर झाला आणि खोलीतल्या सगळ्यांनी क्षणभर डोळे मिटले. धूर गेला. भट्टीवाल्याने पाटी पुसली, कानशीचं टोक कडेवर ओढून बघितलं. कानस घसरली. पोलादावर ओरखडाही उठला नाही.

"झाली," तो म्हणाला. "आता कोणाचं काही चालायचं नाही."

"चालूच नये," खिडकीताई म्हणाली आणि हात धुवायला गेली.